विसार, उचल आणि वर्गणी : अपुऱ्या ग्रंथाच्या आगाऊ पैशाचा इतिहास

मराठीत आगाऊ पैशाला एकच एक नाव नाही. सौदा मोडू नये म्हणून हातावर ठेवलेली रक्कम ती विसार किंवा इसार. मजुराने काम करण्यापूर्वी मजुरीपोटी घेतलेली ती उचल. सरकारने शेतकऱ्यास शेतीच्या खर्चासाठी दिलेली ती तगाई. दहा जणांनी मिळून करावयाच्या कार्यात ज्याने त्याने घातलेला आपला वाटा ती वर्गणी. आणि परत न्यावयाच्या बोलीने ठेवलेली ती अनामत. कोशात हे शब्द एकमेकांच्या अर्थच्छटा म्हणून नोंदविता येतील, पण व्यवहारात त्यांची गल्लत सहसा कोणी करीत नाही. विसार घेणाऱ्याने ठरलेली वस्तू दिली पाहिजे, उचल घेणाऱ्याने ठरल्याप्रमाणे राबले पाहिजे आणि वर्गणी घेणाऱ्याने हिशेब दिला पाहिजे. पैसा तोच, परंतु त्याला जे नाव द्यावे त्याप्रमाणे घेणाऱ्याचे कर्तव्य बदलते.

अडचण येते ती अद्याप अस्तित्वात न आलेल्या वस्तूसाठी पैसे घेतले जातात तेव्हा. गेल्या काही वर्षांत संगणकावरील खेळांच्या धंद्यात ही अडचण ठळकपणे पुढे आली आहे. वाल्व्ह या अमेरिकी कंपनीने आपल्या स्टीम या विक्रीमंचावर मार्च २०१३ पासून अपुऱ्या अवस्थेतील खेळ विकण्याची सोय केली. तिला ‘अर्ली ॲक्सेस’ असे नाव आहे. ग्राहक पुऱ्या खेळाच्या आशेने अपुरा खेळ विकत घेतो, तो खेळून पाहतो, दोष कळवितो, आणि निर्माता त्या पैशावर उरलेले काम करू लागतो. हा पैसा त्याने कशावर खर्च करावा? त्यातून स्वतःचा संसार चालवावा काय? नवी यंत्रे घ्यावीत काय? पुढच्या खेळास हात घालावा काय? प्रश्न नवा भासतो. पण ‘खेळ’ या शब्दाच्या जागी ‘ग्रंथ’ हा शब्द घातला की त्याचे वय निदान अडीचशे वर्षांनी वाढते. मराठीपुरते बोलावयाचे तर त्याचे सर्वांत बोलके उदाहरण केतकरांच्या ज्ञानकोशात सापडते, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

तत्पूर्वी खर्चाची खाती कशी पाडावीत याचा विचार केला पाहिजे. त्यासाठी दूर जावयास नको. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, म्हणजे वरठीच्या आसपासच्या मुलुखात, कोशाचे कापड विणण्याचा धंदा जुना आहे. माग विणकराचा आणि सूत व्यापाऱ्याचे, ही हातमागाच्या धंद्यातील सर्वपरिचित रीत. व्यापारी सूत तोलून देतो आणि घरखर्चासाठी काही रक्कम आधी देतो. कापड तयार होऊन आले म्हणजे ते जोखून घेतो आणि दिलेली रक्कम मजुरीतून वळती करतो. येथे सूत आणि पोटाचा पैसा ही दोन खाती अगदी वेगळी आहेत. पोटाचा पैसा खाण्यासाठीच दिलेला असतो. तो खाल्ला म्हणून विणकरास कोणी लबाड म्हणत नाही. सुताला मात्र हात लावता येत नाही. ते कापडातच उतरले पाहिजे. तिसरे खाते मागाचे. माग दुरुस्त केल्याखेरीज कापड होत नाही हे खरे. पण हे कापड देऊन झाल्यावरही माग विणकराच्याच घरी राहतो, हेही खरे. अपुऱ्या ग्रंथासाठी घेतलेल्या पैशाविषयीचे बहुतेक वाद या तीन खात्यांच्या सरमिसळीतून उद्भवलेले आहेत असे मला वाटते.

इंग्लंडातील डॉ. जॉन्सनची दोन कामे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. त्याच्या इंग्रजी कोशाचा करार १७४६ मध्ये लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशी झाला. रक्कम १,५०० गिनी, म्हणजे १,५७५ पौंड, आणि मुदत तीन वर्षांची. कोश बाहेर पडला १७५५ मध्ये. त्या रकमेतून जॉन्सनने सहा लेखनिक पोसले, गफ स्क्वेअरमध्ये घर घेऊन वरच्या मजल्यावर त्यांची बैठक मांडली, आणि स्वतःचे पोटही भरले. पैसा कामाच्या मानाने अपुरा होता, परंतु तो कामातच मुरला. कोश प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराच्या आतच सहा पौंडांहूनही कमी रकमेच्या कर्जापायी त्यास अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसनने पैसे पाठवून त्यास सोडविले. मुदतीचा त्याने भंग केला, पैशाचा नव्हे. ही उचल होती आणि ती त्याने राबून फेडली.

शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीची गोष्ट निराळी. १७५६ मध्ये जॉन्सनने जाहीरपत्रक काढून वर्गणीदार जमविले. नाव नोंदविताना एक गिनी आणि ग्रंथ हाती आल्यावर दुसरी, अशी बोली होती. ग्रंथ पुढील वर्षाच्या अखेरीस द्यावयाचा होता; तो मिळाला १७६५ मध्ये. मधल्या काळात चार्ल्स चर्चिल या कवीने त्याची जाहीर टवाळी केली. आवृत्तीत वर्गणीदारांची यादी का छापली नाही असे पुढे कोणी विचारले, तेव्हा नावे हरवली आणि पैसे संपले, अशी दोन कारणे जॉन्सनने हसत हसत सांगितली असे त्याचा चरित्रकार बॉस्वेल नमूद करतो. जॉन्सनच्या चाहत्यांना या उत्तराचे फार कौतुक वाटते. मला ते वाटत नाही. येथे घेतलेला पैसा विसार होता. जॉन्सनने तो उचल समजून खर्च केला, आणि राबण्यास मात्र नऊ वर्षे लावली. कोशाच्या वेळी करार करणारे पुस्तकविक्रेते दाराशी येऊन कागद मागू शकत होते. गावोगावी विखुरलेल्या वर्गणीदारांपाशी असे कोणतेच साधन नव्हते. आगाऊ पैसा देणारे पुष्कळ असले आणि प्रत्येकाची रक्कम लहान असली म्हणजे घेणाऱ्यावरील वचक कमी होतो, ही गोष्ट खेळांच्या ग्राहकांनाही तशीच लागू पडते.

फ्रान्समध्ये दिदरोच्या विश्वकोशाचे जाहीरपत्रक १७५० च्या नोव्हेंबरात निघाले. आठ विभाग मजकुराचे व दोन चित्रांचे, किंमत २८० लिव्र, असा वायदा होता. प्रत्यक्षात मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ विभाग झाले व शेवटचा चित्रविभाग १७७२ मध्ये बाहेर पडला. दरम्यान १७५९ मध्ये राजसत्तेने ग्रंथाचा परवाना रद्द केला आणि प्रत्येक वर्गणीदारास ७२ लिव्र परत करावेत असा हुकूम प्रकाशकांना दिला. प्रकाशकांनी चित्रविभागांसाठी वेगळा परवाना मिळविला, परत करावयाची रक्कम त्या खात्यात वळती करून घेतली, आणि काम आतून चालू ठेवले. पुढे ल्युनो द बॉइजर्मँ या वर्गणीदाराने, वायद्याहून अधिक विभाग काढून अधिक पैसे उकळले म्हणून, १७६९ मध्ये फिर्याद गुदरली. खटला कित्येक वर्षे रेंगाळून १७७८ मध्ये त्याच्या विरुद्ध निकाली निघाला. प्रकाशक श्रीमंत झाले. दिदरोला मुलीच्या लग्नाची तरतूद करण्यासाठी आपला ग्रंथसंग्रह १७६५ मध्ये रशियाची राणी कॅथरीन हिला विकावा लागला. या कोशाची सूची मूळ प्रकाशकांनी काढलीच नाही. ती १७८० मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने, पांकूकने, दोन विभागांत काढली. सूची हे कोशाचे शेवटचे काम. तिच्या वेळेस पैसाही सरलेला असतो आणि हुरूपही.

मराठीत कोशरचनेचा आरंभ सरकारी आश्रयाने झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. दोन्हींमागे मुंबई सरकार उभे होते. वर्गणीदारांच्या बळावर विद्येचे काम चालविण्याची रीत पुढे मासिकांनी रुळविली. मोडक, साने आणि शाळिग्राम यांनी १८७८ मध्ये सुरू केलेला ‘काव्येतिहाससंग्रह’ हे त्याचे उत्तम उदाहरण. परंतु मासिकाची वर्गणी आणि महाग्रंथाची वर्गणी यांत मोठे अंतर आहे. मासिकाचा हिशेब वर्षाअखेर मिटतो. बारा अंक मिळाले म्हणजे देणेघेणे संपले. तेरावा अंक न निघाल्याने पहिले बारा निरुपयोगी होत नाहीत. ‘प’पर्यंत येऊन थांबलेला कोश मात्र सगळ्याच ग्राहकांच्या घरी अर्धवट राहतो.

श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी हा धोका पत्करला. त्यांचा जन्म रायपूरचा, शालेय शिक्षण अमरावतीचे. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून १९११ मध्ये डॉक्टर झाले. रायपुराहून नागपुरास येणारा लोहमार्ग वरठीवरून जातो. भंडारा रोड हे स्थानक वरठीसच आहे. या योगायोगास अधिक अर्थ देण्याचे कारण नाही. मात्र ज्ञानकोशाचे नाव काढताच पुण्याची आठवण व्हावी अशी जी आपली सवय झाली आहे तिला थोडी मुरड घालणे इष्ट होय. ग्रंथ पुण्यात घडला, परंतु त्यासाठी काढलेली महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ, लिमिटेड ही कंपनी नागपूरची.

विद्येच्या कामासाठी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढावी ही कल्पना त्या काळी चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. आपल्याकडे विद्येचा पैसा एक तर सरकारकडून यावयाचा, नाही तर संस्थानिकाकडून. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंधच्या पंतप्रतिनिधींनी भांडारकर संस्थेस एक लाख रुपयांचे अभिवचन दिले ते याच सुमारास. केतकरांनी दात्याकडे न जाता भागीदार गाठले आणि ग्राहक गाठले. १९१३ चा कंपन्यांचा कायदा तेव्हा ताजा होता. त्यातील भागीदार आणि ग्राहक हा भेद वर सांगितलेल्या शब्दभेदाशी चांगला जुळतो. भागीदाराचे भांडवल धोक्याचे. धंदा बुडाला तर ते बुडावयाचे, आणि त्याला हक्क हिशेबाचा. ग्राहकाने दिलेली किंमत ग्रंथासाठी. त्याला हक्क ग्रंथाचा. म्हणजे माग भांडवलातून आणि सूत किमतीतून, अशी वाटणी करण्याची सोय कंपनीच्या स्वरूपातच होती. देणगीच्या पैशात ही सोय नसते. तेथे सर्व पैसा एकाच पेटीत पडतो.

भांडवल भरपूर असते तर ही वाटणी अखेरपर्यंत टिकली असती. ते भरपूर नव्हते. पहिला विभाग १९२० मध्ये निघाला. त्यानंतर तो दशकभर विभागामागून विभाग निघत राहिले, आणि एका विभागाच्या पैशावर पुढचा विभाग उभा राहावा अशी स्थिती झाली. अपुऱ्या वस्तूच्या विक्रीवर उरलेली वस्तू घडवावयाची म्हणजे काय, याचा अनुभव आजच्या खेळकर्त्यांनीही घेतला आहे. डबल फाइन या अमेरिकी संस्थेचा ‘स्पेसबेस डीएफ-९’ हा खेळ ऑक्टोबर २०१३ मध्ये अपुरा विकावयास काढला होता. विक्रीतून खर्च भागेना, तेव्हा २०१४ मध्ये ठरविलेल्या अनेक गोष्टी वगळून तो ‘पुरा’ म्हणून जाहीर करण्यात आला व ग्राहकांचा रोष ओढवला. अपुरा खेळ विक्रीस ठेवणाऱ्यांना वाल्व्हने घालून दिलेल्या मार्गदर्शनात असा इशाराच आहे की, फार थोडी विक्री झाली, किंबहुना मुळीच झाली नाही, तरी काम पुढे नेण्याची ऐपत नसेल तर या वाटेस जाऊ नये. केतकरांना कोणी असा इशारा दिला असता तर ज्ञानकोश निघालाच नसता. अशा नियमांतील शहाणपण मान्य करूनही हे म्हणावे लागते.

ज्ञानकोशाच्या खर्चाची दिशा त्याच्या रचनेवरूनच वाचता येते. एकूण विभाग २३. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनेचे : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. त्यानंतर अकारविल्हे लेखांचे सोळा विभाग, मग सूचीचा एक, आणि शेवटी हिंदुस्थानविषयक पुरवणीचा एक. ज्याने ज्ञानकोश म्हणून पैसे मोजले त्याच्या हाती प्रथम पाच विभाग असे पडले की ज्यांत कोशाचे लक्षण नाही. त्यात शब्द काढून पाहता येत नाही. विणकराच्या भाषेत सांगावयाचे तर केतकरांनी पदर आधी विणला, आणि तोही रुंद विणला.

हा खर्च योग्य होता काय? केतकरांची बाजू बळकट आहे. परकी विश्वकोशाचे भाषांतर त्यांना द्यावयाचे नव्हते. महाराष्ट्रीय वाचकाच्या जागेवरून जग कसे दिसते हे आधी मांडल्याखेरीज पुढील लेखांत काय घ्यावे, किती घ्यावे, याचे मापच ठरत नाही, असा त्या योजनेचा आशय आहे. वेदविद्येच्या विभागाइतका विस्तृत विचार तोपर्यंत मराठीत झालेला नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. तरीही ग्राहकाच्या दृष्टीने पाहता पाच विभाग अधिक झाले असे माझे मत आहे. दोन पुरले असते. आगाऊ पैसा घेणाऱ्यास आपल्या आवडीचे काम आधी करण्याचा मोह अनावर होतो, आणि विद्वानास तर तो विशेषच. एक गोष्ट मात्र केतकरांच्या पदरी घातली पाहिजे : जो पैसा गेला तो ग्रंथात गेला. सूत कापडात उतरले. नक्षी कोणती काढावी एवढाच वाद.

मागाचे खाते अधिक अवघड. मंडळाने पुण्यात स्वतःचा छापखाना चालविला. इतका मोठा ग्रंथ बाहेरच्या छापखान्याच्या सवडीने छापावयाचा म्हटले तर त्यात विलंब ठरलेला, आणि विलंब म्हणजे संपादकवर्गाचा फुकटचा पगार. त्यामुळे छापखान्याचा निर्णय काटकसरीचा होता असे म्हणता येते. शिवाय तो खर्च भागीदारांच्या मालमत्तेत जमा होतो. मात्र छापखाना एकदा झाला की त्याला रिकामे ठेवून चालत नाही. त्याची स्वतःची भूक सुरू होते. ज्या साधनाने काम पुरे करावयाचे त्या साधनालाच काम पुरविण्यात कर्त्याची शक्ती खर्ची पडू लागते. खेळांच्या धंद्यातही आगाऊ पैसा हाती येताच मोठे कार्यालय थाटून माणसे वाढविण्याकडे ओढा दिसतो, तो याच जातीचा.

खरी चूक मला दिसते ती गुजराती ज्ञानकोशाच्या उद्योगात. मराठी ज्ञानकोशाच्या धर्तीवर गुजरातीतही कोश काढण्याचे काम केतकरांनी अंगावर घेतले. ते तडीस गेले नाही. जमलेली सामग्री, तयार झालेले साहाय्यक आणि स्वतःचा छापखाना ही साधने हाताशी असता दुसऱ्या भाषेत तोच प्रयोग करावा हा विचार कागदावर बिनतोड आहे. परंतु गुजरातीचा ग्राहक मराठीच्या ग्राहकाहून वेगळा. एकाचे सूत दुसऱ्याच्या मागावर चढविता येत नाही. या प्रकाराचे आधुनिक उदाहरण द्यावयाचे तर ‘आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्हड’ या खेळाचे देता येईल. तो जून २०१५ मध्ये अपुरा विक्रीस निघाला, आणि मूळ खेळ अपुरा असतानाच सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच्या कर्त्यांनी वेगळ्या किमतीची पुरवणी विकावयास काढली. ग्राहकांनी फार गवगवा केला. मूळ खेळ ऑगस्ट २०१७ मध्ये पुरा झाला. त्या कर्त्यांना विक्री भरपूर असल्याने ते निभावून नेता आले. केतकरांपाशी ती सुबत्ता नव्हती.

असे असूनही मराठी ज्ञानकोश पुरा झाला. बाविसावा विभाग सूचीचा आहे याचे महत्त्व आपल्या अभ्यासकांनी पुरेसे ओळखलेले नाही. तोपर्यंत अकारविल्हे लेख संपले होते, ग्राहकास ‘अ’पासून शेवटच्या अक्षरापर्यंत सर्व मिळाले होते, तेथे थांबले असते तरी कोणी फिर्याद केली नसती. दिदरोच्या प्रकाशकांनी जे काम दुसऱ्यावर टाकले ते नागपूरच्या या कंपनीने स्वतः केले. प्रस्तावनेच्या पाच विभागांत विखुरलेली माहिती सूचीनेच वापरण्याजोगी होते. म्हणजे पदर रुंद विणल्याचा दोष या एका विभागाने बराच भरून काढला. आगाऊ पैशाच्या विनियोगाची परीक्षा पहिल्या विभागाच्या थाटावरून करू नये, सूचीवरून करावी, असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

राहिले पोटाचे खाते. या बाबतीत केतकर जॉन्सनच्या अगदी दुसऱ्या टोकास आहेत. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या माणसास त्या काळी सुखाची नोकरी दुर्लभ नव्हती. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी अध्यापन केलेही होते. ते सोडून त्यांनी आयुष्याचा उमेदीचा काळ या कामात घातला, आणि काम पुरे झाल्यावर अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत काढली. त्यांच्या पत्नी शीलवती, मूळच्या ईडिथ कोहन, यांनी विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले. ते कलकत्ता विद्यापीठाने १९२७ पासून प्रसिद्ध केले. त्यांचे ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ हे आत्मकथन वाचणाऱ्यास या संसाराची जमाखर्चाची बाजू वेगळी सांगावयास नको. केतकर त्रेपन्नाव्या वर्षी वारले.

आपल्याकडे अशा हालअपेष्टांना त्याग म्हणून गौरविण्याची पद्धत आहे. हिशेबाच्या दृष्टीने ती घातक आहे. कर्त्याचे पोट हा कामाच्या खर्चाचाच एक भाग होय. तो किमतीत धरला नाही म्हणजे ग्राहकास वस्तू खरोखरी जितक्यास पडावयास हवी त्याहून स्वस्त मिळते, आणि फरक कर्त्याच्या घरातून भरला जातो. व्यापारी सुताबरोबर घरखर्चाची रक्कम देतो ती दयाबुद्धीने नव्हे. उपाशी विणकर कापड पुरे करीत नाही हे तो जाणतो म्हणून. आगाऊ पैशातून कर्त्याने स्वतःस वेतन घेणे काही लोकांस अप्रशस्त वाटते. अप्रशस्त आहे ते ठरावाशिवाय, मापाशिवाय घेणे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसा मिळविण्याचा यत्न केला. ठरलेले उद्दिष्ट गाठले गेले नाही. खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला खरा, परंतु मधल्या तीन वर्षांचे पोट ग्राहकाच्या पैशावर चालले नाही, एवढे उघड आहे.

ज्ञानकोशाच्या कचेरीत शिकून तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हाती घेतला. महाराष्ट्र कोशमंडळ, लिमिटेड असे पुन्हा कंपनीचेच रूप; सात विभाग १९३२ ते १९३८ या सहा-सात वर्षांत पुरे. प्रस्तावनाखंडांचा विस्तार नाही, दुसऱ्या भाषेची शाखा नाही; कामाची कड आधीच ठरलेली. केतकरांपासून त्यांनी काय घ्यावे आणि काय टाकावे हे नीट ओळखलेले दिसते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट जाणवते. कोश हप्त्याहप्त्याने विकला म्हणजे ‘अ’चा भाग छापून ग्राहकाच्या कपाटात जातो, आणि ‘ह’ची सामग्री जमविताना सापडलेले ‘अ’चे शब्द बाहेर राहतात. अपुरा खेळ घरबसल्या दुरुस्त करून मिळतो. छापलेला विभाग मिळत नाही. ज्या ग्राहकाने सर्वांआधी पैसे दिले त्याच्याच हाती सर्वांत कच्चा भाग राहतो, हा या पद्धतीचा उपजत अन्याय आहे. त्यावर उपाय एकच, पुरवणी. आणि पुरवणीसाठी पैसा आधीपासून बाजूस ठेवावा लागतो. शब्दकोशाची पुरवणी १९५० मध्ये, म्हणजे सातव्या विभागानंतर बारा वर्षांनी निघाली. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये विकला गेला. पुरवणी निघाली १९३३ मध्ये. दहा वर्षांच्या बोलीने १८७९ मध्ये करार करणारा संपादक मरे १९१५ मध्येच वारला होता. तेथे पाठीशी विद्यापीठाचा छापखाना होता म्हणून तेवढी वर्षे सोसता आली. वर्गणीदारांवर विसंबणाऱ्या कोणत्याही मंडळास ती सोसली नसती.

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी विश्वकोशाचे काम सरकारी पैशावर झाले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. तेथे पोटाची चिंता नव्हती, तशी ग्राहकाची घाईही नव्हती. त्याच काळात पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी पुण्यास मंडळ काढून भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड १९६२ ते १९७९ या अवधीत पुरे केले. दोन्ही पद्धतींची तुलना स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ज्ञानकोशाचे काम संपत आले तेव्हा केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे पुस्तक लिहिले. ‘ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’ असे त्याचे दुसरे नाव आहे. ज्यांनी अपुऱ्या ग्रंथासाठी पैसा दिला त्यांच्यासमोर कर्त्याने मांडलेली कैफियत म्हणून ते वाचले जावे. त्यात आत्मसमर्थन पुष्कळ आहे. केतकरांचा स्वभाव पाहता ते असणारच. परंतु विसार घेणाऱ्याने, वस्तू देऊन झाल्यावरही, वर्गणी घेणाऱ्याप्रमाणे हिशेब द्यावा, असे मराठीत त्यापूर्वी क्वचितच घडले होते. ज्ञानकोशाचे विभाग यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने पुढे संकेतस्थळावरही आणले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते पहिल्या विभागापासून वाचावयास न घेता प्रथम बाविसावा विभाग उघडावा, आणि तो शेजारी ठेवून हे पुस्तक वाचावे.